मामीचा हात

माझं तोंड फटकळ आहे हे मला माहीत आहे, कुणी सांगायला नको. सगळी उमर नर्सची नोकरी केली, त्यात डॉक्टरांनाही सोडलं नाही. पण एकदा या तोंडानं असा घात केला, की आठवलं तर अजून मान खाली जाते. आणि त्याच गोष्टीसाठी मी देवाचे आभारही मानते. दोन्ही खरं आहे. कसं ते सांगते.

अमरावतीला मिशनच्या दवाखान्यात शिकून मी अकोल्याला नोकरीला लागले. सोबत आई. आई अनाथाश्रमात वाढलेली, पुढं तिथंच पोरींना शिवण शिकवायची. तिच्या भाषा दोन होत्या. प्रार्थनेला उभी राहिली की छापील मराठी, आणि रागावली की अस्सल वऱ्हाडी. अकोल्यात आम्हाला खोली मिळेना. ख्रिस्ती म्हटलं की घरमालक गोड हसायचे आणि म्हणायचे, "तुमचं काही नाही हो बाई, पण विहीर एकच आहे ना." शेवटी कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या एका गल्लीत दोन खोल्या मिळाल्या. तिथंही आमची घागर विहिरीवर आली की बायका आपापल्या घागरी बाजूला ओढायच्या. माझा हात कमरेवर जायचा, तोंड उघडायचं, तेवढ्यात आई म्हणायची, "घागर भर आन् चाल."

भिंतीला भिंत लागून मामीचं घर. सगळी गल्ली तिला मामी म्हणायची, म्हणून आम्हीही. नवरा जिनिंगमध्ये कामाला, एकुलती मुलगी मोर्शीला दिलेली. एक दिवस ही मामी आमच्या दारात येऊन उभी राहिली.

"काहून वं पोरी, घरात कोंडून बसली? रोडग्याची पंगत हाय पाराजवळ. चाल."

मी फणकाऱ्यानं म्हटलं, "आम्ही चालतो का तुम्हाला?"

"बाप्पा! पाय नाईत का तुमाले? चाला ना मंग!"

आई पदर तोंडाला लावून हसली. मलाही हसू आलं, पण मी ते दाबलं.

रोडगे म्हणजे कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले. वरची राख झटकायची, फोडायचे, तेल घालायचं आणि वरणाबरोबर, वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. बाकीच्या बाया निखाऱ्यातून रोडगे चिमट्यानं काढत होत्या. मामी सरळ हात घालून काढत होती. तिनं एक उचलला, फुंकर मारली आणि माझ्या तळहातावर ठेवला. वरून टाकला नाही, हातात हात लावून ठेवला. मी किंचाळले आणि रोडगा मातीत टाकला. सगळ्या बाया खो खो हसल्या. "नर्सबाईचा हात लोन्याचा हाय वं!" त्या दिवसापासून विहिरीवर कुणी घागर ओढली नाही. हे मामीचं देणं मी विसरले नाही.

मामीच्या हाताला विस्तव लागत नाही, ही आमच्या गल्लीची शान होती. दुसऱ्या गल्ल्यांतून मामीला बोलावणं यायचं. देवीनं तिला हात दिला आहे असं म्हणत. मामीही जरा मिरवायची, निखाऱ्यात हात घालून मुद्दाम गप्पा मारायची. दोन वर्षं मीही कौतुकानं बघत राहिले. नर्स असून! डोळे होते की खोबणी, देव जाणे.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. दवाखान्यानं मला थोडे दिवस महारोग्यांच्या तपासणीचं काम शिकायला पाठवलं होतं. कापसाचा बोळा चट्ट्यावर कसा टेकवायचा, रोग्याचे डोळे झाकून 'लागतंय का' असं कसं विचारायचं, सगळं शिकवलं. तिथं एक म्हातारा होता, चुलीवरचं पातेलं हातानं उतरवून उतरवून त्याची बोटं झडली होती. दुखतच नव्हतं बिचाऱ्याला, तर तो हात मागं घेणार कसा?

शिकून परत आले ती दुपारच्या गाडीनं, पिशवी हातात, तशीच पाराजवळ गेले, कारण पंगत चालू होती. मामी निखाऱ्यापुढं बसलेली, हात कोपरापर्यंत उघडा. त्या हातावर एक फिकट चट्टा. बोटावर फोड फुटलेला, त्याला राख चिकटलेली, आणि ती हसत हसत कुणाला तरी काही सांगून राहिली होती.

मी ओरडले. "मामी, हात काढा! हा देवीचा गुण नाही, रगतपिती आहे ही!"

रगतपिती म्हणजे महारोग, आमच्याकडचा शब्द. हा शब्द तिकडं लोक दार लावून उच्चारायचे. मी तो भर पंगतीत, चाळीस पानांवर फेकला.

कुणीतरी आपलं लेकरू ओढून घेतलं. एक जण म्हणाली, "इतके वर्सं आमाले हातचं खाऊ घालून राहिली!" रोडगे तसेच राहिले, नंतर गाईपुढं टाकले म्हणे. मामीनं आपला हात उलटा केला, सुलटा केला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पाहिला. मग पदराला पुसला आणि घरी निघून गेली. माझ्याकडं तिनं पाहिलंही नाही.

घरी आईला कळायला वेळ लागला नाही. तिनं एवढंच विचारलं, "पाहिलं ते खरं हाय?"

"खरं आहे."

"मंग तिच्या कानात काहून नाई सांगितलं? जिनिंगचा भोंगा हायेस का तू?"

 आईनं ताट वाढलं, वर दुसरं ताट झाकलं आणि मामीकडं निघाली. मी दारात आडवी उभी राहिले. रोग असा एकदम लागत नाही हे मी नुकतंच शिकून आले होते, आणि तरी म्हातारी आई तिथं जेवायला निघाली म्हटल्यावर मी चौकट सोडेना. शिकलेलं सगळं एका बाजूला राहिलं.

"आई, डॉक्टरांनी तपासू तरी दे. मग जा."

"दर रविवारी मंडळीत उभं राहून शेजाऱ्यावर प्रीती करायची गाणी म्हन्तो आपन. शेजारीन भिंतीपल्याड उपाशी बसली हाय. तिथं नको जाऊ तं कुठं जाऊ, मुंबईले?"

आणि गेली. मामीच्या नवऱ्यानं आपली खाट ओसरीवर आणून ठेवली होती, तो मान खाली घालून बसला होता. आई त्याच्या बाजूनं आत गेली आणि मामीबरोबर एकाच ताटात जेवली. दुसऱ्या दिवशीही जेवली. तिसऱ्या दिवशीही. तिनं त्याचा गाजावाजा केला नाही, मलाही चल म्हणाली नाही. तिचं ते न बोलणं मला जास्त झोंबलं.

तिसऱ्या दिवशी मी गेले. काय बोलायचं ते घोकून गेले होते, तिथं सगळं विसरले आणि भोकाड पसरलं. मामी म्हणाली, "रडू नोको वं. तू बोलली नसती तं माहे बोटं गेले असते. तुह्या आईनं सांगितलं मले." मग थोडं थांबून म्हणाली, "पन पोरी, हळू बोलली असती तं चाललं नसतं का?"

चाललं असतं, मामी. शंभरदा चाललं असतं. हे मी तिला तेव्हाही म्हटलं.

मग तिनं खरं दुखणं सांगितलं. मुलगी गरोदर होती, सातवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण, माहेरी यायचं ठरलेलं. मामीनं दुपटी शिवून पेटीत घालून ठेवली होती. पण गल्लीतली बातमी तोवर मोर्शीला पोचली आणि विहीणबाईचा निरोप आला, सुनेला पाठवणार नाही. आता नाही, पुढंही नाही. "हात जाऊ दे वं," मामी म्हणाली, "पोरगीच तुटली ना माही."

डॉक्टरांनी मामीला तपासलं. म्हणाले, हा प्रकार दुसऱ्याला लागणारा नाही, गोळ्या नेमानं घेतल्या तर रोग थांबेल. पण हाताची गेलेली जाणीव परत येईल असं त्यांनी सांगितलं नाही. विस्तवापासून, सुईपासून, विळ्यापासून डोळ्यांनीच हात सांभाळायचा. परत येताना मामीनं आईला भीत भीत विचारलं, "बाई, गोळ्या घेतल्या तं मले तुमच्या देवाचं व्हा लागते का?"

"नाई वं. तुहा देव तुह्यापाशी राहू दे. मले फक्त सांजच्याले सांगत जाय, गोळी घेतली का नाई."

आमचे लोकही काही सगळे संत नव्हते, हेही सांगते. आईनं मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मामीसाठी प्रार्थना मागितली. पाळकसाहेबांनी ती मनापासून केली, बायकांनी डोळे मिटून आमेन म्हटलं. आणि उपासनेनंतरच्या चहाला आईच्या पुढं फुटक्या कानाचा वेगळा कप आला. मी तोंड उघडणार होते. आईनं माझा हात दाबला, चहा प्यायली, कप स्वतः धुतला आणि चहा देणाऱ्या बाईंना म्हणाली, "चहा छान झाला."

मग आम्ही दोघी मोर्शीला गेलो. डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या पर्समध्ये. वाटेत मी चार वेळा भाषण तयार केलं. आई म्हणाली, "तू आज मुकी."

विहीणबाई अंगणात संत्री निवडत बसली होती. धिप्पाड बाई, आवाज माझ्यापेक्षा मोठा. बस म्हणाली नाही. मी चिठ्ठी पुढं केली, तिनं हातही लावला नाही.

"कागद मले काय सांगते? उद्या माह्या नातवाले काई झालं तं तुमचा डाक्टर येनार हाय का?"

खरं सांगू? मला तिचा राग आला, पण तिचं चुकत होतं असं नाही. त्या काळी कुणाला काय ठाऊक होतं? ती आपल्या घरच्या जिवाला जपत होती.

मग तिनं आईकडं बोट केलं. "तुमी खाता का तिच्यासंगं?"

"रोज खातो," आई म्हणाली. आमच्या वऱ्हाडात बायाही 'खातो'च म्हणतात. "एका ताटात खातो. दीड महिना झाला."

"एका ताटात?"

"हो. ही माही पोरगी नर्स हाय. हिनंच मले अडवलं होतं. विचारा तिले."

विहीणबाईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी मान हलवली, मुकीच राहिले. ती बराच वेळ संत्री निवडत बसली. दारामागं सून उभी होती, रडून रडून तोंड सुजलेलं. शेवटी विहीणबाई म्हणाली, "बाळंतपन तुमच्या घरी होईन. तिच्या नाई, तुमच्या. आन् मी सोबत येईन, डोळ्यांनी पाहीन." मग तिनं आम्हाला बसायला पोतं अंथरलं आणि संत्र्यांची टोपली पुढं सरकवली.

ज्यांच्या हातचं पाणी अकोल्यात चालत नव्हतं त्यांच्या घरी मोर्शीची सून बाळंतपणाला आली. आमच्या दोन खोल्यांपैकी एक तिची. विहीणबाई दाराशी पोत्यावर, पहारेकऱ्यासारखी. मामी दिवसातून दहादा यायची, उंबऱ्याबाहेर उभी राहायची, मुलीशी तिथूनच बोलायची. आत ये असं तिला कुणी म्हणत नव्हतं, आणि ती विचारत नव्हती. आई मात्र रोज ताट घेऊन भिंतीपलीकडं जायची आणि विहीणबाई ते रोज बघायची.

दुपारची वेळ होती. मुलगी झाली. मीच हात लावला, नाळ कापली, पोरीला पुसलं, मामीच्या पेटीतल्या दुपट्यात गुंडाळलं. बाहेर मामी उंबऱ्याशी उभी, दोन्ही हात पाठीमागं लपवलेले. मी विहीणबाईकडं पाहिलं. त्या क्षणी देवाकडं काय मागितलं ते मलाच ठाऊक. विहीणबाईनं नाक शिंकरलं, पदरानं डोळे पुसले आणि मामीवरच खेकसली, "आता काय बाहीरच उभी राहतं का वं? तुही नात हाय. ये ना आत!"

मामी आत आली. हात पुढं करायला तयारच होईना. मी पोर तिच्या तळहातांवर ठेवली आणि खाली माझे हात धरले. ती तशीच उभी राहिली, पोरीकडं बघत, काहीतरी व्हायची वाट बघत. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "हाताले काईच समजत नाई वं पोरी. वजन समजते, बाकी काई नाई."

मी एका हातानं पोरीचं दुपटं सैल केलं. 

मामीनं मान खाली केली आणि आपला गाल त्या एवढ्याशा पोटावर टेकवला. डोळे मिटले. 

"ऊन-ऊन हाय," ती म्हणाली. "बाई वं, कशी ऊन-ऊन हाय!"