उत्तरेकडे डोकं

बुधवार, १५ ऑक्टोबर २०२५. आलापल्ली. सकाळी बापूजींना पेज भरवली. पाठीला पावडर लावली. दुपारी गोपाल आणि रीना एटापल्लीहून आले. पलंगावरून बोलाचाली झाली.

एवढं लिहून शशिकलाबाई थांबल्या. मनगट दुखत होतं. थोरल्या भावाला, बापूजींना, अर्धांगवायू झाल्यापासून दिवसभर त्याची कूस बदलून देणं त्यांच्याच वाट्याला आलं होतं. बापूजींचा जन्म जंगलखात्यात गेला. हातात होकायंत्र घेऊन तोडीला आलेल्या सागाच्या हद्दी आखायच्या, हे त्यांचं काम. आता पायाकडच्या खिडकीतून लाकूडडेपो दिसे, तेवढंच त्यांचं जंगल.

दुपारी बापूजींच्या मुलाने, गोपालने, चपला काढायच्या आधीच पलंगाकडे बोट केलं होतं.

"आत्या, बाबाले उत्तरेकडे डोकं करून काऊन निजवलं? मेलेल्या माणसावानी?"

"अन् त्यात सायन्स पण हाय," त्याची बायको रीना म्हणाली. "डोकं म्हणजे माणसाचा उत्तर ध्रुव. तिकडे पृथ्वीचा उत्तर ध्रुव. दोघं एकमेकाले ढकलतेत. म्हणून तर सुधार नाई."

शशिकलाबाईंना शाळेतल्या, कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरचा तास आठवला. त्या रीनाला म्हणाल्या, "अगं, होकायंत्राच्या सुईचं जे टोक उत्तरेकडे वळतं, त्याला उत्तर ध्रुव म्हणायचं ठरलं. पण चुंबकाचे विरुद्ध ध्रुवच एकमेकांना ओढतात. म्हणजे पृथ्वीच्या उत्तरेला खरं तर चुंबकाचा दक्षिण ध्रुव आहे. नाव तेवढं उत्तर. तुझ्याच हिशेबानं डोकं ढकललं जात नाही, ओढलं जातंय."

"घ्या! वरून ओढून राह्यलं," गोपाल म्हणाला. "ते तर आणखीनच वाईट!"

पलंग फिरवला तर बापूजींच्या तोंडासमोर कपाट येईल, एवढं शशिकलाबाईंनी सांगून पाहिलं.

"कपाट पाहून कोणी मरत नाई, आत्या."

भांडायला अंगात त्राण नव्हतं. "फिरवा बाबा," म्हणून त्या बाजूला झाल्या. गोपालने पलंगाची कड उचलली, तसा बापूजींनी चांगल्या हाताने त्याचा दंड धरला.

"नाई," ते म्हणाले. शब्द अडखळत, लाळेत भिजून आला. "मोजून... राह्यलो."

"काय मोजून राह्यले, बाबा?"

बापूजींची नजर खिडकीत होती. डेपोत ट्रकवर सागाचे ओंडके चढत होते.

गोपालने कड हळूच खाली ठेवली. मग बराच वेळ तो बापाच्या उशाशी बसून बाहेर पाहत राहिला. रीनाने चहा केला. संध्याकाळच्या एसटीने दोघं गेले.

शशिकलाबाईंनी पुन्हा पेन उचललं.

पलंग होता तिथेच आहे. खिडकीचा पडदा काढून धुवायला भिजवला.