वर केशरीच आहे ना?

“मॅडम, वर केशरीच आहे ना?”

सव्वीस जानेवारीच्या सकाळी आमचे चित्रकलेचे सर हे विचारायचे, मी हो म्हणायचे, आणि तरीही ते घडी सोडून पुन्हा बघायचे. नाशिकच्या आमच्या शाळेत झेंडा बांधायचं काम त्यांच्याकडे होतं. तुम्हीही पाहिलं असेल, घडीत झेंडूच्या पाकळ्या भरतात, सरकगाठ मारतात आणि ते गाठोडं काठीच्या टोकाला चढवतात. पाहुण्यांनी दोरी ओढेपर्यंत आत कुठला रंग वर आहे, ते खालून कुणालाच कळत नाही. सरांचा जीव तेवढा वेळ टांगणीला लागलेला असायचा.

मी त्यांची चेष्टा करायचे. आता डोळे मिटूनही जमेल तुम्हाला, म्हणायचे. ते हसायचे आणि त्या थंडीतही कपाळावरचा घाम पुसायचे.

वर्गात मात्र ते खुलायचे. केशरी त्यागाचा, पांढरा शांतीचा, असं सांगत मुलांकडून झेंडा रंगवून घ्यायचे. शाळेत ते एकटेच मुसलमान शिक्षक. एकदा एका मुलीने सहज विचारलं, “सर, हिरवा तुमचा ना?”

सर म्हणाले, “नाही बेटा, शेतांचा. निफाडच्या रस्त्याला द्राक्षबागा दिसतात ना, त्यांचा.”

एका वर्षी गाठ अडकली. पाहुणे दोरीला हिसके देत होते, पालकांनी मोबाइल वर धरले होते. सर भिंतीला टेकून डोळे मिटून उभे. शेवटी झेंडा उलगडला, केशरी वर होता, टाळ्या झाल्या. नंतर चहाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेतलं.

“तुमच्या हातून उलटा लागला, तर लोक चूक म्हणतील, मॅडम. माझ्या हातून लागला तर? माझ्या मुली याच शहरात शिकतात.”

मुख्याध्यापकांना विनवून त्यांनी ते काम सोडलं.

पुढच्या वर्षी क्रीडाशिक्षकांनी झेंडा बांधला. पाहुण्यांनी दोरी ओढली आणि हिरवा वर आला. थोडी कुजबुज झाली. “घाईत झालं हो,” क्रीडाशिक्षक ओशाळून म्हणाले. झेंडा उतरवून नीट बांधला, आणि विषय तिथेच संपला.

सरांना आता हायसं वाटलं असेल, म्हणून मी मागे वळून पाहिलं. ते शेवटच्या रांगेत उभे होते. आपला हात त्या झेंड्याला लागलेला नाही, हे सगळ्यांना दिसावं म्हणून दोन्ही तळवे पुढे धरून. त्यांच्याकडे कुणी बघतही नव्हतं. तरी राष्ट्रगीत सुरू झालं, तेव्हाच त्यांनी हात खाली घेतले.