डिस्क दुकानात राहणार नाही

२००२च्या नोव्हेंबरमध्ये, एका शनिवारी सकाळी, चंदीगडच्या आमच्या भाड्याच्या घरातला कॉम्प्युटर बंद पडला. पत्नीला तेव्हा दुसरा महिना होता. आधी दोनदा गर्भ टिकला नव्हता. दुसऱ्या वेळेनंतर डॉक्टरांनी कारण सांगितलं: गव्हातलं ग्लूटेन तिला चालत नाही. तेव्हापासून घरात गहू बंद होता. तरी जुलाब पुन्हा सुरू झाले होते, वजन उतरत होतं. गहू पोटात कुठून जातो ते लवकर शोधा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

ती शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. रोजचं खाणं, त्रास, वजन, पाळी नोंदवणारा प्रोग्राम तिने स्वतः लिहिला होता. घरी इंटरनेट मुद्दाम घेतलं नव्हतं. बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबांत बातमी फिरायला एक फोन पुरायचा. या खेपेला तिने माहेरीही कळवलं नव्हतं.

आम्ही दोघं कॉम्प्युटर घेऊन सेक्टर २२मधल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने डबा उघडला.

"पॉवर सप्लाय गया है जी. डिस्क ठीक लगती है. छोड़ जाइए, मंगल को ले जाना. डेटा मैं कॉपी करके रख लूँगा."

"कॉपी नहीं चाहिए," पत्नी म्हणाली.

"मैडम, सबका संभालकर रखता हूँ." खात्री पटावी म्हणून त्याने स्वतःच्या मशीनवर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो उघडून दाखवले.

पत्नी माझ्याकडे वळली. "अहो, डिस्क इथे राहणार नाही."

"ऐसा क्या है इसमें? सोना?" त्याने विचारलं.

"मेरा पेट है, भाईसाहब."

तो हसला. ती हसली नाही. डिस्क आत्ता, समोर तुमच्या मशीनला जोडा, इंटरनेटची तार आधी काढा, असं तिने सांगितलं. धंद्याची वेळ आहे, तो म्हणाला. ती स्टुलावर बसून राहिली. शेवटी त्याने तार काढली.

पहिल्यांदा डिस्क दिसलीच नाही. त्याने केबल बदलली. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा दिसली. मॉनिटर भिंतीकडे वळवून ती वाचायला बसली; मी तिच्या आणि गिऱ्हाइकांच्या मध्ये उभा राहिलो.

त्रासाचे दिवस तिने लाल केले होते. लाल नव्हते ते फक्त नवरात्रातले दिवस आणि त्यानंतरचे दोन.

"नवरात्रात काय होतं?" मी विचारलं.

"साबुदाणा, वरई, दाण्याची आमटी. एरवी भात, भाकरी, वरण. यात गहू कुठेय?"

"फोडणी?"

"उपासाला तूप-जिऱ्याची." तिने लाल नसलेल्या दिवसांवर बोट ठेवलं. "हिंग नसतो."

प्रोग्राममध्ये वरण होतं, भाज्या होत्या. फोडणी हा वेगळा पदार्थ म्हणून नोंदवावा, असं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं.

डिस्क काढून घेऊन आम्ही घरी आलो. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरांत छापलं होतं: डिंक, गव्हाचं पीठ, हिंग.

त्या दिवसापासून हिंग बंद केला. डिसेंबरमध्ये जुलाब थांबले. जानेवारीत वजन वाढलं. जुलैमध्ये, दिवस पूर्ण भरून, मुलगी झाली.