सुईनंतरचं तेल

ती घटना मला आधी वासानं आठवते, मग बाकीचं. कापूर घातलेलं निर्गुडीचं तेल. दवाखान्यातल्या फिनेलमधूनही तो वास मी ओळखला होता, आणि कुठल्याच कागदावर घेतला नाही. नोकरीत मी पुष्कळ कागद लिहिले. हा एक राहिला होता, तो आज लिहितो.

तेव्हा मी कोल्हापुरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. फुटबॉलचा हंगाम चालू होता. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे पेठांच्या संघांचे सामने म्हणजे खेळ कमी आणि बंदोबस्त जास्त. उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी एका तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या आखाड्याच्या, संघाचा पुढच्या फळीतला खेळाडू दवाखान्यात दाखल झाला. वय बावीस. उजवी पोटरी दगडासारखी घट्ट, पायाची बोटं हलत नव्हती. आत रक्त साठून दाब वाढला होता. सर्जननी तातडीनं पोटरी उघडून दाब मोकळा केला. पाय वाचला, पण तो पुन्हा धावेल का, हे कुणी सांगेना.

त्याच्या आदल्या सकाळी त्यानं मंगळवार पेठेतल्या एका फिजिओथेरपिस्टकडं ड्राय नीडलिंग करून घेतलं होतं. औषध नसलेली, केसासारखी बारीक सुई दुखऱ्या स्नायूत घालून आखडलेला भाग सैल करायचा, अशी ती पद्धत. ही मॅडम तिशीची, मूळची नेसरीकडची, शेतकरी घरातली. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेऊन एकटीच दवाखाना चालवायची.

साडेदहाला ठाण्यात फोन आला. नाव सांगितलं नाही. आवाज म्हणाला, पलीकडच्या पेठेनं त्या बाईला फितवलीया, सुई मुद्दाम खोल घातलीया, चौकशी करा नाहीतर आम्ही करतो. अर्ध्या तासात गेटवर दीडशे माणूस जमलं.

उपचारातल्या निष्काळजीपणाची तक्रार आली, की आधी तज्ज्ञ डॉक्टरांचा अभिप्राय मागवायचा आणि मगच पुढचं पाऊल टाकायचं. हे मला पाठ होतं. पण जमावाचा आवाज चढत होता. मी महिला कॉन्स्टेबलसह गाडी पाठवली आणि तिला ठाण्यात आणलं. गाडीतून उतरतानाचा तिचा फोटो, ती खुर्चीत बसायच्या आत शहरभर फिरला.

मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. चहा मागवला, तिला दिला नाही. कुणाच्या सांगण्यावरून केलंस, हा एकच प्रश्न फिरवून फिरवून पाचसहा वेळा विचारला. ती रडली नाही. तिनं कोरा कागद मागितला आणि त्यावर पायाचं चित्र काढून दाखवलं. म्हणाली, याचं दुखणं वरच्या पोटरीत नव्हतंच. दोन थरांच्या खाली, नडगीच्या हाडाला मागून चिकटलेला एक स्नायू असतो, तिथं होतं. तिथवर बोट पोचत नाही. शेजारूनच मोठी रक्तवाहिनी आणि नस जाते, म्हणून सुई हाडाच्या आतल्या कडेनं, हाडाला धरून घालायची.

मी विचारलं, "आत सुईचं टोक कुठं आहे, ते दिसतं?"

"नाही."

"मग कळतं कसं?"

"हाडाची खूण हाताला लागते. पावलात मुंग्या आल्या तर पेशंट सांगतो, मी लगेच मागं घेते."

"म्हणजे अंदाजानंच."

"शिकलेल्या हाताचा अंदाज आहे, साहेब. तुम्हीपण आता तेच करताय."

हवालदार गालात हसला. मला राग आला. पण पुढं तिनं सांगितलं ते मी टिपून घेतलं. दोन दिवस पायाला कुणाचा हात लागू द्यायचा नाही, मालीश तर अजिबात नाही, असं तिनं त्या खेळाडूला कागदावर लिहून दिलं होतं. मी हवालदाराला दवाखान्यात खेळाडूकडं पाठवलं. असा कागद मिळालाच नाही, असा खेळाडूचा जबाब आला.

दुपारी मी स्वतः त्याच्याकडं दवाखान्यात गेलो. त्याच्या आईनं आदल्या दिवशीची त्याची अर्धी चड्डी पिशवीत घालून माझ्या हातात दिली. पिशवी उघडली आणि तो वास आला.

ते तेल कोल्हापुरात एकच माणूस करायचा, त्या तालमीचे वस्ताद. बाराव्या वर्षापासून विसाव्यापर्यंत मी त्यांच्या हाताखाली होतो. सामन्याच्या आधी संघातल्या प्रत्येकानं वस्तादांकडून पाय रगडून घ्यायचे, ही तिथली रीत. जो जात नाही, तो मैदानात उतरत नाही. आणि रगडणं म्हणजे नुसतं तेल चोळणं नव्हे. पोटरीवर कोपर रोवून सगळं अंग त्यावर टाकायचं. सकाळी सुई, संध्याकाळी त्याच पोटरीवर वस्तादांचं कोपर. त्या एका क्षणात मला सगळं दिसलं.

मी पिशवीला गाठ मारली आणि पंचनाम्यात लिहिलं, निळ्या रंगाची अर्धी चड्डी, एक नग. तेलाचा उल्लेख केला नाही.

का केला नाही? अजूनही एक सरळ उत्तर देता येत नाही. वस्ताद पंचाहत्तरीच्या पुढं होते. दर दसऱ्याला मी त्यांच्या पायावर डोकं ठेवायचो. गेटवरचा जमाव त्यांच्याच तालमीचा होता. शिवाय मी मनाशी म्हणालो, तू डॉक्टर आहेस का? मालीशनं झालं हे तू कसं ठरवतोस? हे खरंही होतं. खऱ्याचा आडोसा घेऊन गप्प बसता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

ठाण्यात परतलो. सूर्यास्तानंतर स्त्रीला ठाण्यात बसवून ठेवायचं नाही, हा नियम नवा शिपाईसुद्धा जाणतो. ती पावणेआठपर्यंत बाकावर होती. जमाव पांगल्याशिवाय बाहेर सोडणं धोक्याचं, असं मी कारण काढलं होतं. मग स्टेशन डायरीत नोंद करायला सांगितली, की जबाब देऊन सायंकाळी पाच वाजता स्वेच्छेने निघून गेल्या. आमच्या ठाणे अंमलदाराला शब्द उच्चारत लिहायची सवय होती. ती चार हातांवर बसली होती. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

पुढचे अकरा दिवस मी तपास केला, म्हणजे सगळीकडं पाहिलं, एक जागा सोडून. तिच्या फोनची यादी काढली. त्यात पलीकडच्या संघाच्या सेक्रेटरीचा नंबर निघाला, तेव्हा आमचं पथक उड्या मारू लागलं. निघालं काय, तर त्याच्या आईचे गुडघे दुखत होते आणि ती तिची पेशंट होती. तिच्या दाराला कुणीतरी डांबर फासलं. घरमालकानं खोल्या रिकाम्या करायला सांगितलं.

मी वैद्यकीय समितीकडं कागद पाठवले आणि समितीतल्या एका डॉक्टरांना भेटलो. त्यांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर दुसऱ्या एका पेशंटच्या पोटरीत जाणारी सुई मला दाखवली. पांढरी रेघ सरकत होती आणि तिच्या शेजारी, करंगळीच्या पेरापेक्षाही जवळ, रक्तवाहिनी धडधडत होती. मी विचारलं, पडदा नसताना सुई बरोबर जागी जाते का? ते म्हणाले, अनुभवी हाताची बहुतेक वेळा जाते.

"बहुतेक म्हणजे किती?"

"तुमचे पंच कोर्टात बहुतेक वेळा खरं सांगतात ना, तसं समजा," ते म्हणाले. मग गंभीर होऊन त्यांनी समजावलं. सुई योग्य जागी जाऊनही बारीक रक्तस्राव होऊ शकतो. तो बहुधा आपोआप थांबतो. वरून जोराचा दाब पडला तर वाढूही शकतो. आणि नुसत्या जबरदस्त दाबानंही असं होऊ शकतं. त्यांनी विचारलं, त्याला कुणी मालीश केलं होतं का? मी म्हणालो, तपास चालू आहे.

बाहेर पडलो तेव्हा मला खरोखर काही कळत नव्हतं. जे माहीत होतं त्याला अर्थ आहे की नाही, हेच माहीत नव्हतं.

अकराव्या दिवशी खेळाडूची आई एकटी ठाण्यात आली. पदराखालून तिनं घडी केलेला कागद काढला. बुटांच्या पिशवीत सापडला होता. तेलानं आरपार दिसत होता, तरी निळी अक्षरं वाचता येत होती. दोन दिवस मालीश करू नये.

"साहेब, पोरगं खोटं बोललंय," ती म्हणाली. "दुसऱ्याकडनं सुई टोचून घेतली हे कळलं तर वस्ताद तालमीतनं काढतील म्हणून त्यांस्नी सांगितलं न्हाय, आणि वस्तादांचं नाव यायला नगं म्हणून तुमास्नी सांगितलं न्हाय. त्या पोरीच्या दाराला डांबर फासलंय. मलाबी लेक हाय."

मी वस्तादांकडं गेलो. ते कट्ट्यावर बसले होते. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "व्हय, मीच रगडला. सुई टोचून आलाय असं बोलला असता, तर बोट लावलं नसतं मी." मग म्हणाले, "चड्डी तुझ्याकडंच हुती की. तेल कुणाचं, तुला म्हायती न्हवतं व्हय? अकरा दिस काय करत हुतास?"

त्यांना वाचवायला म्हणून मी गप्प राहिलो होतो, आणि त्यांनी ते कधी मागितलंच नव्हतं.

तो कागद आणि वस्तादांचा जबाब मी समितीकडं पाठवला, आणि समितीचा अहवाल आला. सुई टोचल्याची खूण योग्य जागी होती. रक्तस्राव सुईनं झाला, मालीशनं की दोन्हींमुळं, हे निश्चित सांगता येत नाही. त्याच डॉक्टरांनी मला फोनवर सांगितलं, की पहिल्याच दिवशी मालीशचं कळलं असतं तर कातडीवरचे वळ मुद्दाम बघितले असते, फोटो काढले असते. आता सगळं पुसलं गेलंय. म्हणजे जो संशय कायमचा राहिला, तो सुईमुळं नव्हे, माझ्यामुळं राहिला. तालमीनं दिलेला तक्रारअर्ज निकाली काढला. गुन्हा दाखल झाला नाही. पण ती निर्दोष आहे असंही कुठं लिहिलं गेलं नाही, आणि तिनं कोल्हापूर सोडलं. खेळाडू आता चालतो, लहान मुलांना खेळ शिकवतो. धावत नाही.

चौपन्नाव्या वर्षी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. लोक विचारतात, नोकरीनं काय शिकवलं? एवढंच सांगतो. काही गोष्टी शेवटपर्यंत कळत नाहीत आणि त्याची लाज नसावी. पण जेवढं नाकाला, डोळ्यांना कळलं, तेवढं त्याच दिवशी लिहावं. अर्थ लावायला दुसरे लोक असतात.

गेल्या वर्षी माझी पोटरी धरली. सहा महिने सोसली. मग चौकशी करून आजऱ्याला गेलो. बसस्थानकापासून जवळच तिचा दवाखाना आहे. तिनं मला लगेच ओळखलं. तपासलं आणि म्हणाली, तोच स्नायू आहे, खोलातला. आता तिच्याकडं लहानसं सोनोग्राफी यंत्र आहे. पडद्यावर सुई सरकत असताना मी पालथा पडलो होतो. तोंड उशीत होतं, म्हणूनच बहुधा बोलता आलं. तेलाचा वास पहिल्याच दिवशी आला होता, हे मी तिला सांगितलं. सुई थांबली. मग पुन्हा हलली.

"हलू नका," एवढंच ती म्हणाली.

झाल्यावर तिनं छापील कागदाच्या दोन प्रती टेबलावर ठेवल्या. दोन दिवस मालीश करू नये. आता ती प्रत्येकाची सही घेते. मी सही केली, तारीख घातली आणि पेन खाली ठेवलं.

तिनं ते उचलून परत माझ्या हातात दिलं.

"वेळ राहिली, साहेब," ती म्हणाली. "खरी घाला."