तांबं धरायला हवं

काहीही कशालाही आपोआप चिकटत नाही, यावर आमच्या भाऊजींइतका विश्वास असलेला माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरा सापडणार नाही. भाऊजी म्हणजे तुमच्या आजोबांचे मावसभाऊ. तुम्ही सुट्टीत आलात की जेवणाच्या टेबलावर पाण्याचा थेंब टाकून एक डोळा मिटून बघत बसायचे, तेच. ते काय बघायचे हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, म्हणून लिहिते.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत त्यांची छोटी शेड होती. कार्बन फायबरच्या काळ्या पातळ पत्र्यांवर तांब्याचा थर चढवायचा, हा त्यांचा ध्यास. हा पदार्थ हलका आणि कणखर, पण धातूला जवळ करत नाही. थर पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून भाऊजी पत्रा बंद पेटीत ठेवत, आतली हवा पंपाने ओढून घेत आणि उरलेल्या चिमूटभर वायूला वीज देत. पेटीत जांभळा उजेड पसरे. तोच प्लाझ्मा. त्याने न दिसणारा मळ निघतो, पृष्ठभाग किंचित खरखरीत होतो आणि तांबं धरून बसतं. मग पत्र्यावर पाण्याचा थेंब टाकायचा: अळवावरच्यासारखा गोल राहिला तर मेहनत फुकट, पसरला तर काम जमलं. शेवटी तांब्यावर चिकटपट्टी लावून ओढायची, थर सुटतो का बघायला. या परीक्षा ते शेडपुरत्या ठेवत नसत. गणपतीआधी आमच्या नौपाड्याच्या घराला नवा रंग दिला, तर भाऊजींनी चहा यायच्या आत चिकटपट्टीने वीतभर रंग उपटून दाखवला. "वहिनी, रंगाऱ्यानं भिंत धुतलीच नव्हती," म्हणाले, उपकार केल्यासारखे. आजोबांनी तिथे कॅलेंडर टांगलं.

पत्र्याला उघडं बोट लावणं हे त्यांच्या लेखी महापाप. बोट कितीही धुतलं तरी त्याला तेल असतं म्हणे. खंडेनवमीला अख्ख्या वसाहतीत यंत्रांना हळदकुंकू लागे. भाऊजींकडे मात्र झेंडूचा हार फक्त दाराला. त्यांची बायको कुसुम दरवर्षी पूजेचं ताट घेऊन उंबऱ्याबाहेरच.

"देवीलाही हातमोजे घालायला लावाल तुम्ही!"

"घातले तर येऊ दे आत."

एका वर्षी मात्र त्यांनीच तिला आत बोलावलं. विमानातली विजेची उपकरणं ठेवायच्या एका डब्यासाठी कुठल्याशा कंपनीने नमुना मागवला होता. हे काम मिळालं नाही तर शेड बंद करायची, असा शब्द भाऊजींनी मुलाला दिला होता. कंपनीचा इंजिनिअर नेमका खंडेनवमीला दुपारी येणार होता. मीही कुसुमबरोबर गेले. पेटीच्या काचेतून आम्ही दोघींनी जांभळा उजेड पाहिला. मग पत्रा काढून झाकून ठेवला आणि भाऊजी फोन घ्यायला बाहेर गेले. कुसुमने झाकण उचललं, डोळे मिटले आणि पत्र्याच्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट टेकवलं. यश यावं म्हणून. मी "अगं!" म्हणेपर्यंत झालं होतं.

भाऊजी आले. त्यांनी पाहिलं.  कुंकू फडक्याने पुसलं. पेटी पुन्हा चालवायची तर त्या जुन्या पंपाला हवा ओढायलाच संध्याकाळ झाली असती. तसंच तांबं चढवलं.

इंजिनिअरने मधोमध चिकटपट्टी लावून ओढली. तांबं हललं नाही. "एकदम मस्त आहे, सर." मग त्याने कोपऱ्यावर लावली. तांब्याची एक टिकली निघून आली, बोटाच्या रेघांसकट.

"हे काय? हात कुणी लावला?"

कुसुमने पदर मुठीत घट्ट धरला.

"मीच," भाऊजी म्हणाले. "घाईत हातमोजे राहिले."

"तुम्ही, सर?"

"वय झालं आता."

त्याने ते खरं मानलं. काम मिळालं नाही, शेड बंद झाली. पण त्याच दिवशी, घरी जाताना रिक्षात माझ्यासमोरच कुसुम म्हणाली, "मी आले नसते तर मिळालं असतं."

"मिळालं असतं," भाऊजी म्हणाले. खोटं सांगून समजूत घालणं त्यांना जमत नसे. थोड्या वेळाने म्हणाले, "पण बाकीचं धरलं ना? तू बघितलंस ना?"

"बघितलं. आणि तो जांभळा उजेड… किती सुंदर होता हो."

 भाऊजी तो रंग कशामुळे येतो ते तिला समजावू लागले, आणि घर आलं तरी रिक्षातून उतरेनात.