बिनआवाजाचा कॉम्प्युटर

गेमिंगचा कॉम्प्युटर घ्यायला आलेला माणूस दुकानात उभा राहून "ग्राफिक्स कार्ड नको" म्हणतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तो माणूस माझे सख्खे काका होते आणि त्यांना तिथे घेऊन जाणारी मी होते. माझे डोळे कपाळात गेले. दुकानदार तर माझ्याकडे असा बघायला लागला, की जणू मीच त्यांना पढवून आणलंय.

आमचे काका, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, हयातभर लिफ्टचे मेकॅनिक होते. लिफ्ट बिघडली की आधी दाराला कान लावून उभे राहायचे आणि मगच पेटी उघडायचे. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. कोणाच्या घरी गेले की माणसांची विचारपूस करायच्या आधी त्यांच्या लिफ्टची तक्रार सांगतात. काकू म्हणतात, "पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा माझ्यापेक्षा आमच्या पंख्याकडेच यांचं जास्त लक्ष होतं."

गेमचं वेड त्यांना मुलाने लावलं. माझा हा चुलतभाऊ नोकरीसाठी लांबच्या शहरात गेला आणि फोनवर बापलेकांचं काही जमेना. "जेवलात का?" "हो. तू जेवलास का?" "हो." एवढं झालं की काका फोन काकूंच्या हातात द्यायला मोकळे. मग एका सुट्टीत आला तेव्हा त्याने घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर एक गेम टाकून दिला. दोघांनी आपापल्या घरी बसून, हेडफोनवर एकमेकांशी बोलत शत्रूच्या इमारतीत गुपचूप शिरायचं, काम उरकायचं आणि जिवंत बाहेर पडायचं. तेव्हापासून रोज संध्याकाळी तासभर बापलेक इमारती पालथ्या घालतात. काकू स्वयंपाकघरातून ओरडतात, "मेला असाल तर या जेवायला."

मी नोकरी करते दातांच्या दवाखान्यात, पण नात्यातल्या निम्म्या घरांतले कॉम्प्युटर माझ्या हातचे आहेत. त्यामुळे काकांचा जुना डबा घरघरायला लागला तेव्हा बोलावणं मलाच आलं. बजेट मध्यम होतं. अशा बजेटचं माझं गणित पक्कं आहे. निम्मे पैसे ग्राफिक्स कार्डला, कारण स्क्रीनवरचं चित्र तेच काढतं. उरलेल्यात प्रोसेसर, मेमरी आणि बाकीचा संसार. या गणिताशी कोणी खेळलं की मला राग येतो, आणि माझा राग लपत नाही.

"प्रोसेसरमध्येच चित्र काढायची सोय असते ना? तसला घे," काका म्हणाले. "आमचा गेम जुना आहे. त्याला पुरतं."

"मग गेमिंगचा कशाला घेताय? टाइपरायटर घ्या."

"जिभेला जरा आवर. कार्डाचे पैसे इकडे घाल." त्यांनी एका जाड कॅबिनेटवर टिचकी मारली. आवाज आत मुरावा म्हणून त्याच्या पत्र्याला आतून मऊ थर लावलेला होता. मग त्यांनी पंखे मागवले. दुकानदाराने हौसेने रंगीत दिव्यांचे पंखे लावून दाखवले, तर म्हणाले, "दिवे कोणाला दाखवायचेत?" आणि मोठे, संथ फिरणारे पंखे एकेक करून कानाशी धरून बोटाने फिरवून पाहिले. पॉवर सप्लाय असा निवडला, की काम हलकं असेल तेव्हा त्याचा पंखा फिरतच नाही. उरलेली सगळी रक्कम हेडफोनवर. तेही मागून उघडे असतात तसले.

"काका, यात खोलीतला सगळा आवाज आत येतो."

"पण कुठला आवाज कुठून आला ते यात नीट कळतं. खोलीतला आवाज येतो म्हणून तर डबा गप्प हवा."

तर्क बरोबर होता, त्यामुळे मी आणखीच भडकले. निदान नवा स्क्रीन तरी घ्या म्हटलं, तर जुना ठीक आहे म्हणाले. परत येताना मी त्यांच्याशी धड बोलले नाही. म्हातारचळ हा शब्दसुद्धा मनात येऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या खोलीत सगळं जोडायला बसले. काका स्क्रू बोटांनी चाचपून हवा तो नेमका हातात देत होते. वायरी बांधल्या, झाकण लावलं, बटण दाबलं. काळ्या स्क्रीनवर अंगठ्याएवढी पांढरी अक्षरं उमटली, सगळे भाग ओळखले म्हणून. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

काका स्क्रीनसमोरच बसले होते, त्याच्याकडेच तोंड करून. थोडा वेळ थांबून म्हणाले, "चालू झाला का?"

मला वाटलं थट्टा करतायत. "समोर लिहिलंय की."

"काय लिहिलंय?"

त्यांनी ते इतक्या साधेपणाने विचारलं, की माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर हातातच राहिला. मशीनचा काडीचाही आवाज येत नव्हता. त्यांना हवं होतं अगदी तसंच ते झालं होतं. आणि आवाज नाही, तर मशीन सुरू झाल्याचं कळायला काकांजवळ दुसरं काहीच नव्हतं.

"काका, तुम्हाला दिसत नाही?"

त्यांनी आधी स्वयंपाकघराच्या दिशेने कानोसा घेतला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं. आत्ता तुझे कान दिसतायत, चेहरा नाही."

"कधीपासून?"

"हळूहळू गेलं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत यायचं नाही, आहे ते सांभाळू. तुझ्या काकूला वाटतं चष्म्याचा नंबर वाढलाय."

एवढ्या मोठ्या गोष्टीची घरात कोणाला गंधवार्ता नाही, आणि मी बाई ग्राफिक्स कार्डासाठी फुगून बसले होते. शेवटी कसंबसं विचारलं, "मग खेळता कसे?"

"तो पुढे असतो. त्याच्या पावलांचा आवाज येतो, त्याच्या मागे जातो. दार उघडलं की कळतं, गोळी कुठून आली तेही कळतं. लिफ्टच्या अंधाऱ्या खड्ड्यात उभं राहून कामं केलीत मी, हे काय अवघड आहे? पण जुना डबा इतका घरघरायला लागला की पावलंच बुडायला लागली."

"अहो, त्याला सांगा ना."

"सांगितलं की संपलं. मग तो खेळायचा नाही, चौकशी करत बसेल. थेंब घातले का, डॉक्टरांकडे गेलात का. आत्ता तो मला म्हणतो, बाबा, काय गाढवपणा करताय. असं मला दुसरं कोण म्हणतं? तो तास मला हवाय, पोरी. तू कोणाला बोलायचं नाहीस."

मी मान हलवली. मग भानावर येऊन तोंडाने "बरं" म्हटलं.

संध्याकाळी भाऊ गेमवर आला. आवाज नीट येतो का ते बघायला मीही माझे हेडफोन जोडून काकांच्या शेजारी बसले. हा गेम मी खेळलेय. त्यात पहिला धडा हाच, की इमारतीत शिरलं की वाकून चालायचं. वाकून चाललं की पावलं वाजत नाहीत. धावलं की पहारेकरी ऐकतात आणि टिपतात.

माझा भाऊ आत शिरला आणि चक्क धावत सुटला. धप धप धप. पहारेकरी वळले, त्याला गोळी लागली. काकांनी मागून येऊन पहारेकऱ्यांना लोळवलं आणि त्याला उठवलं.

"वाकून चाल म्हणून किती वेळा सांगायचं?" काका म्हणाले. "एवढी वर्षं खेळतोयस, अजून हत्तीसारखा धावतोस."

"सवय आहे बाबा. जात नाही."

पुढच्या वळणावर तो थांबला. मला वाटलं आता तरी वाकेल. तर तो दारापाशी एकाच जागी उड्या मारायला लागला. काकांचा माणूस भिंतीच्या कडेकडेने त्याच्या मागे येऊन पोचला, तेव्हा उड्या थांबल्या. मग तो आत धावला आणि पुन्हा गोळी खाऊन पडला. "मेलो बाबा. डावीकडे दोघं आहेत, दाराजवळ." काकांनी दोघांनाही आडवं केलं. पुन्हा वळण आलं, पुन्हा उड्या, पुन्हा वाट बघणं.

तो पावलं मुद्दाम वाजवत होता. याला माहीत होतं. कधीपासून ते देव जाणे, पण माहीत होतं, आणि तोही बोलला नव्हता.

"पावलं कशी स्वच्छ ऐकू येतायत," काका खूश होऊन मला म्हणाले. "पण याला अक्कल कधी यायची? तू तरी समजाव त्याला."

पलीकडून भाऊ हळूच म्हणाला, "ताई, तू आहेस तिथे?" त्याचा आवाज घाबरलेला होता.

"आहे," मी म्हटलं. "आणि काका, याला वाकून चालणं या जन्मात जमायचं नाही. तुम्ही नाद सोडा."

"गाढव तो गाढवच," काका म्हणाले.

पलीकडून हसण्याचा आवाज आला, जरा जास्तच वेळ. मग पुढची इमारत लागली आणि माझा भाऊ पाय आपटत पुढे धावला.