पाववाल्याच्या सायकलीचं आयडलिंग

सायकल कुणग्यात आडवी पडली होती आणि तिचं इंजिन चालूच होतं. कुणगा म्हणजे भाताचा छोटा वाफा. त्यात घोट्याएवढं पाणी, पाण्यात कोवळी रोपं, आणि रोपांमधून पाव तरंगत चाललेले. काठावर पाववाले इनासबाब उभे. वरच्या घरातल्या काकीसाठी काढलेले चार पाव तेवढे त्यांच्या हातात कोरडे राहिले होते.

मी आमच्या मालकांच्या, भाईंच्या, स्कूटरवरून मागोमाग पोचलो.

"रे, तुझी गाडी माका सोडून गेली," इनासबाब म्हणाले.

इंजिन मी बसवलं होतं. एकट्यानं केलेलं माझं पहिलंच काम.

मी परभणीकडचा. आठवीत शाळा सुटली. गाववाल्या एका ड्रायव्हरच्या ओळखीनं मालवणजवळच्या भाईंच्या वर्कशॉपमध्ये लागलो. गवत कापायची मशीनं, आंब्याचे फवारणी पंप, लाकूड कापायच्या चेन-सॉ, असली छोटी इंजिनं आमच्याकडे येतात. भाईंनी राहायला माळा दिला. त्यांच्या बायकोनं, वैनीनं, माशाचे काटे कसे काढायचे ते शिकवलं. इतकं कुणी केलं की माझ्यासारख्याला भीतीच जास्त वाटते. एक नट ढिला राहिला तरी मला परभणीची एसटी दिसायची. परत पाठवीन असं भाई कधी बोलले नव्हते, पण म्हणून काय झालं?

इनासबाब बेकरीचे पाव सायकलवरून घरोघर देतात. वय साठीच्या पुढं. डॉक्टरांनी पेडल मारू नका म्हणून सांगितलेलं.

"गुडघो गेलो. पावाची लाईन सोडलंय तर टेम्पोवालो टपानच आसा," ते भाईंना म्हणाले. "स्कूटर माका पेलवणा नाय. सायकलीकच इंजिन बसव. पण धूर नको हां! पावाक वास लागता."

म्हणून फोर-स्ट्रोक. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलातच ऑइल मिसळतात आणि ते जळून धूर होतो. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं राहतं. आमच्याकडे गवत कापायच्या मशीनचं पस्तीस सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन पडून होतं.

"तू बसव," भाई मला म्हणाले. "माका देवगडाक पंप दुरुस्तीक जावचा आसा." आणि गेले.

असलं इंजिन मिनिटाला सहा-सात हजार फेरे मारतं. सायकलच्या चाकाला दीडशे-दोनशे पुरतात. म्हणून मध्ये चेन आणि लहानमोठी स्प्रॉकेट टाकून वेग उतरवला. क्लच इंजिनाचाच ठेवला. त्याच्यात दोन बूट असतात. इंजिन जोरात फिरलं की ते बाहेर फेकले जातात, ड्रमला धरतात आणि चाक फिरतं. इंजिन सावकाश झालं की स्प्रिंगा त्यांना आत ओढतात, चाक सुटतं. थ्रॉटल सोडल्यावर इंजिन जे नुसतं धुगधुगत राहतं, त्याला आयडलिंग म्हणतात.

माझं इंजिन मात्र धुगधुगताना बंद पडायचं. मी घाबरलो. इनासबाबांसमोर बंद पडलं तर? कार्बोरेटरवरचा आयडलिंग वाढवायचा स्क्रू अर्धा फेरा आवळला. मग आणखी अर्धा. मग मनाच्या समाधानासाठी आणखी एक. इंजिन असं ओरडायला लागलं की बंद पडायचं नावच नाही. डबल स्टँडवर मागचं चाक आपोआप फिरत होतं. मला वाटलं, काय जोर आहे!

दुपारच्या फेरीला इनासबाब निघाले. उतारावरच्या पहिल्याच घरी थांबले, स्टँड लावला, भोंगा वाजवला. आतून आवाज आला, "रव रे, इलंय!" या काकीला पाव दाबून बघितल्याशिवाय घ्यायची सवय. इनासबाबांनी चार पाव काढले, पण तिनं टोपलीतला सगळ्यात खालचा दाबायला हात घातला. टोपली हलली, स्टँड निसटला, फिरतं चाक जमिनीला लागलं. सायकल वीस पावलं सरळ गेली. वळणावर वळली मात्र नाही.

"मी फकत पाव दाबलंय!" काकी ओरडत होती. "चाळीस वर्सां दाबतंय, कधी पाव पळाक नाय!"

मी भाईंना फोन लावला.

"भाई, सायकल कुणग्यात गेली."

"कोणाच्या?"

"काकींच्याच."

"मगे बरा. दुसऱ्याच्या असता तर भांडाण झाला असता. इंजिन बंद केलंस?"

मी बघितलं. पाण्यात बुडबुडे येत होते.

"आधी ता बंद कर. मगे रड."

इनासबाब काहीच रागावले नाहीत, ते जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी नाय गेलंय तर लोक टेम्पोवाल्याचो पाव खातले. मगे माझो भोंगो कोण ऐकतलो?"

भाई संध्याकाळी आले. तोवर मी चिखल धुऊन, प्लग सुकवून, ऑइल बदलून ठेवलं होतं. माळ्यावर पिशवीही भरून ठेवली होती. भाईंनी सायकल स्टँडवर घेतली, दोरी ओढली. चाक गरगरायला लागलं.

"ह्या काय?"

"चाक फिरतंय, भाई."

"कोणी सांगल्यान फिरूक?"

मी कार्बोरेटरच्या स्क्रूकडे बोट दाखवलं.

"बंद पडात म्हणून भियालंस?"

मी मान डोलावली.

"पडांदे बंद. दोरी ओढली की चालू होतला. पण ह्या थांबूक नाय तर माणूस काय करतलो? उघड."

इंजिनाच्या डोक्यावरचं टॅपेट कव्हर उघडलं. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांच्यात कागदाएवढी फट लागते, कारण गरम झाल्यावर धातू फुगतो. माझ्या इंजिनात फटच नव्हती. व्हॉल्व्ह नीट बंद होत नव्हता आणि म्हणून ते धुगधुगताना मरत होतं. आजारपण इथं, आणि मी तिकडे स्क्रू आवळत बसलेलो! फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पत्री, घालून फट लावली. स्क्रू मागे घेतला. इंजिन मांजरासारखं गुरगुरत राहिलं आणि चाक जागच्या जागी उभं.

जेवताना वैनीनं विचारलं, "सगळे पाव भिजले?"

"माशे खातले," भाई म्हणाले. "आणि माशे आपण खावया. वाढ त्येका."

पिशवीबद्दल त्यांना कळलं होतं की नाही, अजून माहीत नाही.

सकाळी मी मागून गेलो. इनासबाब चाळीस घरी थांबले आणि सायकल चाळीस वेळा थांबली. काकीनं एका हातानं पाव दाबला. दुसऱ्या हातानं ब्रेक दाबून धरला होता.

आता बरेच जण सायकलीला इंजिन बसवून घ्यायला येतात. सगळे एकच विचारतात, पळेल किती? मी विचारतो, तुम्ही दिवसातनं थांबता किती वेळा? उत्तर येईपर्यंत मी स्पॅनर हातात घेत नाही.